भेदरे, सार आणि चारू : झाडीपट्टीतील आंबट रसाचा शब्देतिहास

१

सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी दुपारच्या जेवणात भातावर जो तांबूस, पातळ, आंबट-तिखट रस वाढतात, त्यास घरची माणसे 'चारू' म्हणतात. तेथून उत्तरेस वैनगंगेच्या खोऱ्यात, ब्रह्मपुरी-आरमोरीच्या बाजूस, जवळजवळ तोच पदार्थ 'भेदऱ्याचा रस्सा' होतो. चंद्रपूर शहरातील शिक्षित घरात तो 'टमाटरचे सार' या नावाने ओळखला जातो, आणि खानावळीच्या पाटीवर त्याचेच थोडे दाट रूप 'टोमॅटो सूप' म्हणून मिरवते. पदार्थाचा गाभा एकच, नावे मात्र चार. यांपैकी कोणते नाव 'खरे' असा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारावयाचा नसतो. चारही नावे खरी आहेत, आणि प्रत्येक नाव निरनिराळ्या वाटेने या मुलखात आले आहे. त्या वाटा शोधल्या असता या वनप्रदेशाच्या इतिहासाचे जे दर्शन घडते, ते सनावळ्यांत आणि महसुली अहवालांत सहसा घडत नाही.

या विषयाकडे वळण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील स्वयंपाकाच्या शब्दांच्या याद्या करून आणावयास सांगितले होते. एका विद्यार्थिनीच्या यादीत 'भेदरे' हा शब्द प्रथम लिहिलेला, मग खोडलेला आणि त्याच्या जागी 'टोमॅटो' असे नीट अक्षरात लिहिलेले आढळले. कारण विचारता ती म्हणाली, "आजी तसं म्हणते, पण तो शुद्ध शब्द नाही ना!" तिच्या त्या एका काटछेदात आमच्या संशोधनाचे केवढे साधन नाहीसे होत होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : टोमॅटो हे फळ या प्रदेशात अगदी अलीकडे आले, परंतु त्याने जी जागा घेतली ती जागा, म्हणजे भाताबरोबरच्या आंबट पातळ रसाची जागा, फार प्राचीन आहे. पाहुणा नवा, पाट जुना. पाट किती जुना व कोणी मांडला, हे शब्दांवरून समजते. म्हणून शब्द खोडले गेले की पुरावाही खोडला जातो.

२

प्रथम प्रदेशाविषयी. चंद्रपूर व गडचिरोली हे आज दोन जिल्हे असले तरी २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता आणि इंग्रजी अमदानीत त्याचे नाव 'चांदा' असे होते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. दक्षिणेकडील सिरोंच्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. तो भाग १८६० च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांकडे आला, काही वर्षे अपर गोदावरी जिल्ह्यात राहिला आणि १८७४ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. अर्थात ज्यास आपण आज महाराष्ट्राचा एक कोपरा म्हणतो, तो दीडशे वर्षांपूर्वी कारभाराच्या दृष्टीने वेगळ्याच मुलखाचा भाग होता. तेथे आजही तेलुगू ही घरची भाषा आहे, यात नवल ते काय?

नद्यांकडे पाहिले की भाषांची मांडणी ध्यानात येते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे त्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येऊन त्याच गोदावरीत जाते. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर भातशेतीचा प्रदेश आहे आणि तेथे झाडीबोली बोलली जाते. 'झाडी' म्हणजे वृक्षांनी व्यापलेला मुलूख. या बोलीत प्रमाण मराठीतील 'ण' च्या जागी 'न' आणि 'ळ' च्या जागी 'र' ऐकू येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासास वाहून घेतल्यामुळे तिचे स्वतंत्र रूप विद्वानांसमोर आले. भामरागड, एटापल्ली, अहेरी या भागांत माडिया व गोंडी. उत्तरेस कोरची-कुरखेड्याच्या कडेला छत्तीसगढीचा शेजार. आणि दक्षिणेस तेलुगू. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा विचार सातव्या खंडात (१९०५) आणि गोंडीचा चौथ्या खंडात (१९०६) केलेला आहे. ग्रंथाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच होती. परंतु आठवड्याच्या बाजारात या भाषा निरनिराळ्या खंडांत बसत नाहीत. त्या एकाच चिंचेच्या ढिगाभोवती उभ्या राहून घासाघीस करीत असतात.

३

टोमॅटो येण्यापूर्वी या प्रदेशातील रसास आंबटपणा कोण देत असे? उत्तर शब्दांतच आहे.

संस्कृत 'अम्ल', 'आम्ल' यांपासून प्राकृतात व पालीत 'अंबिल' असे रूप झाले, अर्थ 'आंबट'. मराठीतील 'आंबट', 'आंबणे', 'आंबील' आणि 'आमटी' हे शब्द याच घराण्यातील होत. 'आमटी' म्हटले की आज डाळीचा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. पण शब्दाच्या पोटात डाळ नाही, आंबटपणा आहे. 'आंबील' या शब्दाने तर प्राकृतातील विशेषण जवळजवळ जसेच्या तसे जतन केले आहे. पीठ पाण्यात कालवून आंबवावे आणि शिजवून प्यावे, ही कृती तेलुगू व कन्नड भाषकांतही असून तेथे तिचे नाव 'अंबली' असे आहे. जैन परंपरेतील 'आयंबिल' या व्रताच्या नावातही ('आचाम्ल' या संस्कृत शब्दाच्या द्वारे) हेच आम्ल लपलेले आहे. चंद्रपूरकडील उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा, शेतमजुरास आणि रानात तेंदूपाने तोडणाऱ्यास आंबवलेल्या पातळ पेजेचा आधार वाटतो. माडिया लोकांत अशा पेजेस 'जावा' म्हणतात, आणि तेलुगूतही पेजेस 'जाव' असाच शब्द आहे.

दुसरे साधन चिंच. मराठी 'चिंच', संस्कृत 'चिञ्चा', तेलुगू 'चिंत' या शब्दांचे नाते उघड आहे. गोंडीच्या बोलींत या शब्दाची जी रूपे आढळतात ती विशेष बोधप्रद आहेत. मूळ द्राविड शब्दारंभीच्या 'च' च्या जागी गोंडीच्या उत्तर व पश्चिम बोलींत 'स', माडियाच्या काही भागांत 'ह', आणि दक्षिणेकडे त्याचाही लोप होऊन केवळ स्वर, अशी क्रमिक श्रेणी दिसते. 'मीठ' या अर्थाच्या गोंडी शब्दात हा क्रम अभ्यासकांनी नकाशावर दाखविला आहे; चिंचेच्या नावातही तोच प्रत्ययास येतो. एका गावी मीठ आणि चिंच यांची नावे विचारली तर आपण गोंडी प्रदेशाच्या कोणत्या पट्ट्यात उभे आहोत हे सांगता यावे, इतके हे शब्द बोलके आहेत. ध्वनिपरिवर्तनाचा नियम सिद्ध करण्यास ताम्रपट लागत नाही; कधी कधी चटणीचे साहित्य पुरते.

तिसरे साधन अंबाडी. तिच्या मराठी नावात 'अंब' हा अंश स्पष्ट ऐकू येतो. तेलुगूत हिच्या वर्गातील आंबट पाल्यास 'गोंगूर' म्हणतात व तो तेथील जेवणाचा मानबिंदू आहे. झाडीपट्टीत अंबाडीची भाजी तांदळाच्या कण्या घालून करतात, आणि लाल अंबाडीच्या बोंडांचा आंबट रसही उपयोगात आणतात. कैरी आणि आवळा हेही ऋतुमानाप्रमाणे आहेतच.

चौथे साधन नागर वाचकास अपरिचित वाटेल. आंब्यासारख्या झाडांची पाने एकमेकांस चिकटवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, अंड्यांसह वाटून, मीठ-मिरचीबरोबर खाण्याची रीत माडिया लोकांत आहे. बस्तरमध्ये त्या चटणीस 'चापडा' म्हणतात. या मुंग्यांची आंबट चव फॉर्मिक आम्लामुळे येते, आणि त्या आम्लाचे पाश्चात्त्य नावच मुळी 'फॉर्मिका', म्हणजे मुंगी, या लॅटिन शब्दावरून पडलेले आहे. युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी मुंगीतून जे आम्ल वेगळे काढले व त्यास शास्त्रीय नाव दिले, त्याची चव इंद्रावतीच्या खोऱ्यातील गृहिणीस ठाऊकच होती. ओडिशातील सिमिलिपाल भागाच्या अशाच चटणीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा जी गोष्ट चेष्टेने सांगितली जात होती ती अभिमानाने सांगितली जाऊ लागली.

या चार साधनांचा विचार एकत्र केला म्हणजे दिसून येते की, भात, कण्या अथवा पेज आणि तिच्यासोबत आंबट पातळ पदार्थ ही जेवणाची रचना येथे भाषाभेद ओलांडून प्रचलित होती. आम्ल बदले, नाव बदले, रचना बदलत नसे.

४

आता पाहुण्याकडे वळू. टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात. त्याची लागवड मेक्सिकोत भरास आली. तेथील नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दापासून स्पॅनिश 'तोमाते' व त्यापासून इंग्रजी 'टोमॅटो' झाला. इटलीत त्याचा उल्लेख १५४४ पासून सापडतो. तेथे त्यास 'सोन्याचे सफरचंद' या अर्थाचे नाव मिळाले. हिंदुस्थानात ते युरोपीयांबरोबर आले, पण स्वयंपाकघरात शिरण्यास त्याला फार काळ लागला. जॉर्ज वॉट यांच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात (१८८९-१८९३) असे नमूद आहे की, हे फळ एतद्देशीयांना नुकते कोठे आवडू लागले आहे, लागवड मुख्यतः युरोपीयांसाठीच होते, आणि बंगाली व ब्रह्मी लोक मात्र ते आपल्या आंबट कालवणांत घालतात. या नोंदीतील शेवटचा भाग आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्यांच्या जेवणात आंबट कालवणाची जागा आधीच तयार होती, त्यांनी हे फळ प्रथम स्वीकारले. पुढे झाडीपट्टीत जे घडले त्याचेच हे पूर्वचित्र समजावे.

नव्या वस्तूस नाव देण्याच्या रीती तीन. पहिली रीत म्हणजे ओळखीच्या वस्तूचे नाव विशेषण लावून देणे. हिंदी 'विलायती बैंगन', बंगाली 'बिलाती बेगुन' ही याची उदाहरणे. मराठीतील 'वेलवांगी' आणि कन्नडमधील 'चप्परबदने' (मांडवावरचे वांगे) हे तर एकाच कल्पनेचे दोन अवतार आहेत. या नावांस अडाणीपणाचे लक्षण मानणे चूक ठरेल. लिनियस याने १७५३ मध्ये टोमॅटोस वांग्याच्याच 'सोलॅनम' या वंशात घातले. १७६८ मध्ये मिलर याने त्याला त्यातून वेगळ्या वंशात काढले. आणि आधुनिक वनस्पतिशास्त्राने त्यास पुन्हा वांग्याच्या पंगतीस आणून बसविले. आपल्या माळ्यांनी जे रूपावरून ओळखले, ते शास्त्रास फिरून मान्य करावे लागले.

दुसरी रीत म्हणजे परका शब्द उसना घेणे. येथे विदर्भ व पश्चिम महाराष्ट्र यांच्यामधून एक शब्दरेषा जाते. मुंबई-पुण्याकडे 'बटाटा', कारण तो पोर्तुगीजांबरोबर समुद्राकडून आला. विदर्भात 'आलू', कारण तो शब्द उत्तरेकडून आला. त्याच न्यायाने पश्चिमेकडे इंग्रजी उच्चाराशी जवळीक राखणारा 'टोमॅटो', तर विदर्भात हिंदीच्या द्वारे आलेला 'टमाटर'. नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत मध्यप्रांताचे व नंतरच्या मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते, ही राजकीय घटना भाजीबाजारातील शब्दांत अशी उमटलेली आहे.

तिसरी रीत म्हणजे बोलीने आपल्या ध्वनींत बसणारे स्वतःचे नाव वापरणे. 'भेदरे', 'भेद्रं' हा विदर्भातील शब्द या वर्गात मोडतो. त्याची वांग्याशी तुलना नाही, विलायतेचा उल्लेख नाही, इंग्रजी-हिंदी नावाचा प्रतिध्वनी नाही. तो 'केळे', 'लिंबू' यांच्याप्रमाणे निःसंकोच वापरला जातो. त्याचे सामान्यरूप होते, त्यापासून 'भेदऱ्याची चटणी' असा समास सहज होतो. निखाऱ्यावर भाजलेले भेदरे, लसूण, हिरवी मिरची व मीठ एकत्र रगडून केलेली ही चटणी आणि तिच्यातच पाणी वाढवून, फोडणी देऊन, क्वचित तांदळाच्या पिठीचा हात लावून केलेला रस्सा, हे ग्रामीण घरातील या फळाचे खरे निवासस्थान होय. जे फळ केवळ शतकाभरात रुळले, त्यास लोकांनी परकेपणाची खूण नसलेले नाव दिले. स्वीकाराचा याहून सबळ पुरावा कोणता असू शकतो? आणि हाच शब्द 'अशुद्ध' म्हणून खोडला जातो!

येथे मिरचीचे स्मरण अवश्य व्हावे. तीही अमेरिकेतूनच आलेली. परंतु तिने 'मरिच', म्हणजे मिऱ्याचे, नाव पांघरल्यामुळे ती परकी आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. ज्यास आपण आज अस्सल गावरान तिखट-आंबट रस म्हणतो, त्यातील तिखट आणि आंबट हे दोन्ही समुद्रापलीकडून आलेले आहेत. 'अस्सल' हा शब्द इतिहासकाराने जपून वापरावा, तो याचसाठी.

५

'सार' आणि 'चारू' यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तेलुगू 'चारू', कन्नड 'सारु', तमिळ व मलयाळम 'चारु' (अंत्य 'रु' कठोर) हे शब्द बरो व एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (१९६१) एकत्र दिलेले असून त्यांचा अर्थ 'रस, कढण' असा आहे. दुसऱ्या बाजूस संस्कृत 'सार' हा शब्द आहे. त्याचा अर्थ गाभा, सत्त्व, वृक्षाचा आतील टणक भाग. मराठी 'सार' यांपैकी कोणाचे?

केवळ अर्थाकडे पाहून निर्णय होत नाही. संस्कृत 'सार' या शब्दातही उकळून काढलेल्या अर्काची छटा आहे. 'खदिरसार' म्हणजे खैराचा गाभा उकळून केलेला कात, आणि खैर तर या प्रदेशातील ओळखीचे झाड. तेव्हा 'गाभा' पासून 'अर्क' व 'अर्क' पासून 'कढण' असा अर्थप्रवास संस्कृतातूनही कल्पिता येतो. मग निर्णायक काय? भौगोलिक विस्तार. संस्कृत 'सार' हा शब्द हिंदी, बंगाली, गुजराती या सर्व भाषांत आहे; परंतु तेथे तो पातळ, आंबट, फोडणीच्या रसाचे सामान्य नाव झाला नाही. ते कार्य त्याने मराठीत व कोकणीत केले, म्हणजे ज्या भाषांची सीमा कन्नड व तेलुगू यांना भिडते तेथेच. म्हणून आमचे मत असे की, ज्याने 'सार' म्हटले त्याच्या कानात शब्द संस्कृत असला तरी ताटातील अर्थ दक्षिणेच्या शेजाराने आलेला आहे. मराठी व द्राविड भाषा यांच्या दीर्घ सहवासाचे जे विवेचन फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात केले आहे, त्याच्याशी हे सुसंगत आहे. सिरोंच्याच्या बाजारात 'चारू' म्हणणारा आणि 'सार' म्हणणारा परस्परांस दुभाष्याविना समजतात, हे त्या सहवासाचे आजचे रूप होय.

दक्षिणेतील 'रसम्' हा शब्द संस्कृत 'रस' यापासून आला. इंग्रजांनी 'मिलगु-तण्णीर', म्हणजे 'मिऱ्याचे पाणी', या तमिळ नावावरून 'मुलिगाटॉनी' बनविले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात ते नोंदलेले आहे. भातावर ओतावयाचा रस इंग्रजांच्या मेजावर जेवणाच्या आरंभी चमच्याने प्यावयाचा पदार्थ झाला. पदार्थ तोच राहिला तरी भोजनातील त्याचे स्थान बदलले की तो निराळा होतो. 'टोमॅटो सूप' आणि 'टोमॅटोचे सार' यांतील खरा भेद मसाल्याचा नाही, भाताचा आहे.

'सूप' या शब्दाविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. संस्कृतात 'सूप' म्हणजे डाळीचे कढण व 'सूपकार' म्हणजे आचारी. इंग्रजी 'सूप' हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ रसात भिजविलेल्या भाकरीच्या तुकड्याचे वाचक आहे. या दोहोंतील सादृश्यावरून नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु झाडीपट्टीतील शेतकऱ्यास 'सूप' म्हणजे धान्य पाखडण्याचे साधन, आणि ते संस्कृत 'शूर्प' पासून आलेले. एकच ध्वनिरूप, तीन वंश. ज्यास हे तीन वेगळे करता येतात त्यानेच 'सार' व 'चारू' यांच्या नात्याविषयी बोलावे.

६

या जुन्या थरांवर विसाव्या शतकात आणखी दोन थर चढले. १९२९ साली काझीपेट-बल्लारशाह लोहमार्ग पूर्ण होऊन दिल्ली व मद्रास थेट जोडली गेली. बल्लारपूर-चंद्रपूरच्या कोळसा खाणींत, रेल्वेत आणि पुढे कागद कारखान्यात तेलुगू भाषक कामगार स्थिरावले. त्यामुळे सिरोंच्याहून जमिनीच्या वाटेने जो 'चारू' कधी उत्तरेस सरकला नव्हता, तो आगगाडीने चंद्रपुरात पोचला. दुसरा थर बंगाली निर्वासितांचा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना १९६० च्या दशकात या जिल्ह्यात वसविण्यात आले. चामोर्शी-मुलचेरा भागात आजही त्यांची गावे आहेत. त्यांच्या जेवणात आंबट पदार्थास 'टक' व 'अंबल' अशी नावे आहेत. 'अंबल' म्हणजे पुन्हा तेच 'अम्ल'! ज्या बंगाली आंबट कालवणाचा निर्देश वॉट यांनी एकोणिसाव्या शतकात केला, ते असे विस्थापनाच्या दुःखद वाटेने वैनगंगेच्या पूर्वेस आले, आणि 'आंबील' व 'आमटी' या आपल्या दूरच्या बहिणींच्या शेजारी येऊन बसले.

७

आता मूळ मुद्द्यावर येतो. टोमॅटोने जुनी आंबट साधने मागे सारली, हे कोणासही दिसते. त्याची कारणे साधी आहेत. चिंच भिजवावी, कोळावी, गाळावी लागते. टोमॅटो चिरला की काम झाले. चिंचेत टार्टारिक आम्ल तीव्र असते, तर टोमॅटोतील सायट्रिक आम्ल सौम्य, आणि तो रसास रंग व दाटपणाही देतो. संकरित जातींमुळे तो बारमाही मिळू लागला. या बदलाविषयी हळहळणे हे संशोधकाचे काम नव्हे; ज्या गृहिणीचे श्रम वाचले तिला ते अधिक कळते.

परंतु बदलाची किंमत मोजणे हे संशोधकाचे काम आहे. एक उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्यासह काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असून तेथे दंत व अस्थी यांचे विकार आढळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी शाळकरी मुलांवर केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, आहारात चिंच दिली असता मूत्रावाटे फ्लोराइड अधिक बाहेर पडते असे दिसून आले. यावरून चिंच हे औषध ठरत नाही. शुद्ध पाण्याची जागा ती घेऊ शकत नाही. पण स्वयंपाकघरातील एक आम्ल जाऊन दुसरे आले, ही गोष्ट केवळ चवीची नाही, एवढे मात्र खास.

भाषेच्या बाजूची किंमत आमच्या विभागाच्या कक्षेत येते. चिंचेचा उपयोग घटला की तिच्या फोलपटापासून चिंचोक्यापर्यंतचा शब्दसमूह मुलांच्या कानावरून जाईनासा होतो. गोंडी बोलींतील 'स', 'ह' व लोप यांची रेषा जेथून जाते त्या गावात मूल शाळेत 'चिंच' आणि 'मीठ' एवढेच शिकले, तर एका पिढीत ती रेषा नकाशावरून पुसली जाईल. आणि 'भेदरे' च्या जागी 'टोमॅटो' लिहिले की, या लोकांनी एक परके फळ आपल्या पद्धतीने आपलेसे केले, ही घटनाच अदृश्य होते. उरते ती एवढीच समजूत, की वनप्रदेशास जे मिळाले ते शहराकडून मिळाले. वर दिलेला पुरावा याच्या उलट आहे. आंबट रसाची जागा येथे होती, ती अनेक भाषांनी मिळून घडविली होती, आणि तिच्यात कोणास बसू द्यावयाचे व कोणत्या नावाने, हे या लोकांनीच ठरविले.

यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. शब्दसंग्रह करताना वस्तूचे नाव एकटे लिहू नये. ते कोणी सांगितले, वक्त्याचे वय काय, घरची भाषा कोणती, पदार्थात आम्ल कोणते घातले, तो भाताबरोबर खातात की भाकरीबरोबर, आणि तेच नाव शेजारच्या घरी काय आहे, हे त्याच पानावर नोंदवावे. गोंडी वा माडिया शब्द देवनागरीत लिहिताना आरंभीचा ध्वनी कानास जसा ऐकू आला तसाच लिहावा, मराठी वळणाने सुधारू नये. काम मोठ्या खर्चाचे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतून बसणाऱ्या मुलामुलींच्या घरातच साधन आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाल्यापासून या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास अशा अभ्यासासाठी नागपूर गाठण्याचीही आवश्यकता राहिलेली नाही.

त्या विद्यार्थिनीची यादी आम्ही परत केली नाही. खोडलेला शब्द तिलाच पुन्हा लिहावयास सांगितला. तिने 'भेदरे' लिहिले, पुढे कंसात 'आजी, घरी झाडीबोली' असे नोंदविले, आणि आपण होऊन खाली आणखी एक ओळ घातली : भेदरे नसेल तेव्हा आजी त्याच रस्स्यात चिंच घालते, आणि तरीही त्याला 'भेदऱ्याचा रस्सा' असेच म्हणते. पाहुणा पाटावर नसतानाही पाट त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला आहे, हे त्या एका ओळीने आम्हास दाखविले. अशा ओळी जितक्या मिळतील तितक्या हव्या आहेत.